चार गुण कुठून येणार? ढासळलेल्या कॉलेज टेनिस संघाची नव्याने बांधणी

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका छोट्या डिव्हिजन वन (कॉलेज क्रीडेच्या सर्वोच्च गटातील) विद्यापीठात, मूळच्या पुण्याच्या एका तरुण प्रशिक्षकाकडे पुरुषांच्या टेनिस संघाची सूत्रे नुकतीच आली आहेत. गेल्या मोसमात संघाने बावीस लढतींपैकी तीनच जिंकल्या, चार खेळाडू ट्रान्स्फर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या नोंदणी यादीतून) दुसऱ्या विद्यापीठांत गेले, शिष्यवृत्तीचा निधी तुटपुंजा आहे आणि क्रीडा संचालकांनी तीन वर्षांची मुदत दिली आहे. अशा स्थितीत रिक्रूटिंगची, म्हणजे नवे खेळाडू निवडून आणण्याची, सुरुवात कुठून करावी?

तीन विजयांच्या आकड्यापेक्षा चार खेळाडू सोडून गेले, ही गोष्ट मला अधिक चिंताजनक वाटते. लढती हरणारा संघ दोन वर्षांत जिंकू लागतो, हे मी स्वतः पाहिले आहे. पण ज्या संघातून मुले निघून जातात त्या संघात नवी मुले आणणे म्हणजे तळ फुटलेल्या घागरीत पाणी ओतणे आहे. म्हणून रिक्रूटिंगच्या यादीकडे मी थोड्या वेळाने येतो. आधी एक हिशेब मांडू या, कारण कोणता खेळाडू आपल्याला हवा आहे हे त्या हिशेबावरूनच ठरते आणि बहुतेक नवे प्रशिक्षक तो न मांडताच विमानाचे तिकीट काढतात.

कॉलेजच्या सांघिक लढतीत सात गुण असतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. प्रथम दुहेरीचे तीन सामने एकेका सेटचे होतात आणि त्यांपैकी दोन जिंकणाऱ्या संघाला मिळून एकच गुण मिळतो. त्यानंतर एकेरीचे सहा सामने होतात आणि प्रत्येकाला एक गुण असतो. जो संघ आधी चार गुणांपर्यंत पोहोचतो तो जिंकतो. पहिल्या कोर्टावरच्या विजयाचा गुण आणि सहाव्या कोर्टावरच्या विजयाचा गुण यांची किंमत अगदी सारखी आहे. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण निवड करताना ती विसरली जाते आणि सगळा पैसा, सगळा वेळ आणि सगळी आशा पहिल्या कोर्टावरच्या एका मुलावर लावली जाते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या सध्याच्या सहा खेळाडूंचे यूटीआर (युनिव्हर्सल टेनिस रेटिंग; आकडा जितका मोठा तितका खेळाडू वरचढ) ११ पासून १० पर्यंत, प्रत्येक जागेगणिक थोडे थोडे उतरत जाते आणि तुमच्या कॉन्फरन्समधल्या (आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटातल्या) मधल्या फळीतील संघाचे खेळाडू १२ पासून १०.८ पर्यंत उतरतात. आता तुम्ही सगळा निधी खर्च करून १३ यूटीआरचा एक उत्तम खेळाडू आणलात. खेळाडूंना कौशल्याच्या क्रमानेच उतरवावे लागते, त्यामुळे बाकीचे सगळे एकेक जागा खाली सरकतील. तुमचा ११ चा खेळाडू दुसऱ्या कोर्टावर ११.८ च्या समोर उभा राहील आणि बहुधा हरेल, तिसऱ्या-चौथ्या कोर्टांवरही तसेच होईल. हाती एक खात्रीचा गुण लागेल आणि लढत मात्र हातची जाईल. त्याऐवजी त्याच निधीत ११.५ च्या आसपासचे तीन खेळाडू आणलेत, तर पहिल्या दोन कोर्टांवर तुम्ही अजूनही मागेच असाल. पण तिसऱ्या कोर्टापासून सहाव्या कोर्टापर्यंत प्रत्येक सामना अटीतटीचा होईल, कारण आज जो तुमचा पहिला खेळाडू आहे तो चौथ्या जागेवर, स्वतःच्या तोडीच्या मुलासमोर उभा असेल. त्या चार सामन्यांतून तीन गुण आणि दुहेरीचा एक, असे चार गुण होतात. माझ्या मते ढासळलेल्या संघाच्या रिक्रूटिंगचे सगळे शहाणपण या हिशेबात आहे.

दुहेरीच्या गुणाबद्दल स्वतंत्रपणे लिहितो, कारण दुबळ्या संघाला कमी निधीत मिळवता येण्यासारखा हा एकमेव गुण आहे. सहा गेमचा एकच सेट असतो आणि ड्यूसनंतर एकाच पॉइंटवर गेमचा निकाल लागतो. एवढ्या छोट्या सामन्यात रेटिंगमधले अंतर आपोआप कमी होते. एक चांगली सर्व्हिस, एक धीट रिटर्न आणि नेटजवळ न डगमगणारा जोडीदार असला की वरचढ जोडीही अर्ध्या तासात हरते. बेसलाइनवरून दोन-दोन तास चेंडू परतवणाऱ्या मुलांचे आकडे एकेरीत चांगले दिसतात, पण त्यांतल्या अनेकांना नेटवर कुठे उभे राहायचे हेही शिकवावे लागते. म्हणून एखाद्या मुलाची एकेरी पाहून झाली की परतीची घाई करू नका. दुपारी बाहेरच्या कोर्टावर, फारसे कोणी पाहत नसताना, तोच मुलगा दुहेरी कशी खेळतो ते पाहा. जोडीदाराने सोपी व्हॉली जाळ्यात मारल्यावर त्याचा चेहरा कसा होतो, तो पुढे जाऊन हात मिळवतो की पाठ फिरवून सर्व्हिसच्या रेषेकडे चालू लागतो, यातून जे कळते ते कोणत्याही रेटिंगमध्ये सापडत नाही.

आता पोर्टलविषयी. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ट्रान्स्फर पोर्टल सुरू झाले आणि २०२४ पासून, अभ्यासाच्या अटी पूर्ण करणाऱ्या खेळाडूला कितीही वेळा विद्यापीठ बदलून लगेच खेळता येते. तीन वर्षांची मुदत डोक्यावर असताना पोर्टलमधून चार-पाच तयार खेळाडू उचलण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, आणि मी तो अनुभव घेतलेला आहे. एका विद्यापीठात रुजू झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मी पोर्टलमधून पाच जण आणले. आमचे विजय लगेच वाढले आणि माझे कौतुकही झाले. पण त्या पाचांपैकी दोघांचे खेळण्याचे हक्क (कॉलेज संघाकडून ठरावीकच वर्षे खेळता येते) वर्षभरात संपले, दोघे अधिक मोठ्या संघात निघून गेले आणि पुढच्या ऑगस्टमध्ये मी पुन्हा पहिल्या पायरीवर उभा होतो. फरक इतकाच होता की, त्यांच्यामुळे बाकावर बसलेली पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाची मुलेही दरम्यान निराश होऊन गेली होती. ती चूक माझी होती. त्या मुलांपैकी एक जण नंतर दुसऱ्या संघाचा कर्णधार झाला, तेव्हा मला त्याचा आनंद झाला आणि त्याहून अधिक वाईट वाटले.

त्यानंतर मी एक नियम पाळत आलो आहे: एका वर्षात पोर्टलमधून जास्तीत जास्त दोन खेळाडू, तेही शक्यतो किमान दोन मोसम शिल्लक असलेले, आणि प्रत्येक वर्षी शाळेतून थेट येणारे दोन किंवा तीन. अशाने चार वर्षांच्या चार तुकड्या संघात एकाच वेळी असतात, कोणत्याही मे महिन्यात अर्धा संघ रिकामा होत नाही आणि चौथ्या वर्षाचा मुलगा पहिल्या वर्षाच्या मुलाला सकाळी सहाच्या व्यायामाला हाक मारून उठवतो. ही हाक प्रशिक्षकाने मारून चालत नाही.

तुमच्याकडे जे राहिले आहेत, त्यांना तुम्ही सर्वांत आधी जिंकले पाहिजे. बावीसपैकी एकोणीस लढती हरूनही जे सहा-सात जण थांबले, त्यांच्याशी प्रत्येकी तासभर, कोर्टाबाहेर, बोला. का थांबलात, जे गेले ते खरोखर कशामुळे गेले, आणि तुमच्या जागी उद्या तुमचा धाकटा भाऊ असता तर त्याला इथे या म्हणून सांगाल का, एवढे तीन प्रश्न पुरेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर बाहेरच्या एकाही मुलाला फोन करण्याआधी त्या नकाराचे कारण दूर करावे लागेल. भेटीला आलेला प्रत्येक उमेदवार आणि त्याचे आईवडील तुमच्यापेक्षा या मुलांवर अधिक विश्वास ठेवणार आहेत.

हे सगळे किती काळ घेते, याची दोन उदाहरणे कॉलेज टेनिसच्या इतिहासात आहेत. दक्षिण आफ्रिकेतून आलेले क्रेग टायली, जे पुढे ऑस्ट्रेलियाच्या टेनिस संघटनेचे प्रमुख झाले, त्यांनी नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात इलिनॉय विद्यापीठाचा संघ हाती घेतला तेव्हा त्या कडाक्याच्या थंडीच्या राज्यातल्या संघाकडे कुणी राष्ट्रीय विजेता म्हणून पाहत नव्हते. सुमारे दहा वर्षांनी, २००३ मध्ये, त्यांचा संघ ३२ लढतींत एकदाही न हरता राष्ट्रीय विजेता झाला. त्याच वर्षी आमेर देलिचने एकेरीचे आणि राजीव राम व ब्रायन विल्सन या जोडीने दुहेरीचे विजेतेपदही इलिनॉयला मिळवून दिले. त्यांपैकी राजीव राम शेजारच्याच इंडियाना राज्यात वाढलेला होता. दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. ब्रायन बोलंड २००१ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून आले. त्यांनी आणलेल्या भारताच्या सोमदेव देववर्मनने २००७ आणि २००८ अशी सलग दोन वर्षे एनसीएएचे (अमेरिकन कॉलेज क्रीडेच्या राष्ट्रीय संघटनेचे) एकेरीचे विजेतेपद पटकावले. पण संघाचे पहिले राष्ट्रीय विजेतेपद २०१३ मध्ये आले, म्हणजे बोलंड यांच्या बाराव्या वर्षी. त्यानंतर मात्र २०१५, २०१६ आणि २०१७ अशी ती जणू रांगच लागली. देशातला सर्वोत्तम एकेरीचा खेळाडू तुमच्याकडे असला, तरी चौथा गुण दुसऱ्याच कुणाला तरी मिळवावा लागतो. सोमदेवसारखा खेळाडू तुमच्या किंवा माझ्या विद्यापीठात येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. आपल्याला पहिल्या टप्प्यात कॉन्फरन्सच्या स्पर्धेत उपांत्य फेरी गाठायची आहे.

निधीचे गणित आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. हाउस खटल्यातील (विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची वाट मोकळी करणाऱ्या) तडजोडीला २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाची मंजुरी मिळाल्यानंतर, ज्या विद्यापीठांनी ती व्यवस्था स्वीकारली त्यांच्या टेनिस संघात दहाच खेळाडू असू शकतात, मात्र त्या दहाही जणांना पूर्ण शिष्यवृत्ती देण्याची मुभा आहे. ज्यांनी ती स्वीकारली नाही, त्यांच्या पुरुष संघाला जुनीच ४.५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा आहे, आणि त्या तुकड्या-तुकड्यांनी वाटता येतात. तुमचे विद्यापीठ कोणत्या बाजूला आहे हे पहिल्याच आठवड्यात लेखी स्वरूपात मिळवा. मुभा असणे आणि पैसा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छोट्या विद्यापीठांत प्रत्यक्षात अनेकदा मुभेपेक्षा कमीच शिष्यवृत्त्यांचा पैसा असतो. तेव्हा एकाला पूर्ण आणि बाकीच्यांना चिमूटभर, अशी वाटणी करू नका. अभ्यासात चांगली असलेली मुले शोधा, कारण त्यांना विद्यापीठाची गुणवत्ता शिष्यवृत्ती मिळू शकते आणि तिला तुमच्या निधीतून थोडी जोड दिली की एका पूर्ण शिष्यवृत्तीच्या खर्चात दोन, कधी तीन खेळाडू येतात. कोणती रक्कम कोणत्या खात्यात मोजली जाते, हे नियमपालन अधिकाऱ्याशी प्रत्येक मुलागणिक तपासून घ्या. नियम जवळजवळ दरवर्षी बदलत आहेत आणि जुन्या माहितीवर दिलेले आश्वासन कुणाचे तरी वर्ष वाया घालवते.

आता स्थानिक मुलांविषयी, ज्यांच्याकडे हरणाऱ्या संघांचे प्रशिक्षक सर्वांत कमी लक्ष देतात. डिव्हिजन वनच्या पुरुष टेनिसमध्ये निम्म्याहून अधिक खेळाडू परदेशी आहेत आणि तुम्हीही परदेशी खेळाडू आणालच. त्यात गैर काही नाही, आपण दोघेही तिकडूनच आलो. परंतु ज्या संघात राज्यातला एकही मुलगा नाही, त्या संघाच्या सामन्याला गावातले कोणी येत नाही, माजी खेळाडू देणगी देत नाहीत आणि अर्थसंकल्प आटला की कोणाचा आवाज उठत नाही. २०२० मध्ये कोविडच्या काळात आयोवा आणि मिनेसोटा यांसारख्या मोठ्या विद्यापीठांनीसुद्धा पुरुषांचे टेनिस बंद करण्याचा निर्णय घेतला, हे विसरू नका. तुमच्या विद्यापीठापासून मोटारीने चार तासांच्या आत येणारी प्रत्येक इनडोअर अकादमी आणि प्रत्येक शाळेचा प्रशिक्षक तुम्हाला नावाने ओळखत असला पाहिजे. तिथे यूटीआर १०.५ चा, सतरा वर्षांचा, अजून वाढत्या उंचीचा आणि आधी दुसरा खेळही खेळलेला मुलगा सापडला, तर त्याच्यासाठी थांबा. दोन वर्षांत तो तुमचा पाचवा खेळाडू होईल आणि त्याचे आजी-आजोबा प्रत्येक सामन्याला येतील.

मुलांशी थेट पत्रव्यवहार त्यांच्या दहावीनंतरच्या १५ जूनपासून आणि विद्यापीठाच्या खर्चाने अधिकृत भेट त्यानंतरच्या १ ऑगस्टपासून करता येते. मोठे संघ त्या तारखांना पहिल्या पन्नास जणांच्या मागे असतात. तुम्ही त्या गर्दीत उतरू नका. तुमचा काळ बारावीच्या हिवाळ्याचा आहे, जेव्हा मोठ्या संघांच्या जागा भरलेल्या असतात आणि दुखापतीमुळे किंवा उशिरा बहरल्यामुळे मागे राहिलेली काही फार चांगली मुले घरी फोनची वाट पाहत असतात.

परदेशी खेळाडूंच्या बाबतीत माझा भर माहितीच्या खात्रीशीर वाटा तयार करण्यावर असतो. बारा देशांत एकेक ओळख असण्यापेक्षा तीन देशांत असे प्रशिक्षक असावेत, जे तुम्हाला फोनवर ‘हा मुलगा तुमच्यासाठी नाही’ असे सांगतील. पुण्यातून आलेल्या माणसाला ही वाट घरचीच आहे. अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून आणि ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमकडून खेळली, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या टेनिस घरांत अमेरिकन कॉलेज हा शब्द अनोळखी राहिलेला नाही. मात्र या घरांशी बोलताना फार जपून आणि फार स्पष्ट बोला. ‘साठ टक्के शिष्यवृत्ती’ हे शब्द ऐकून आईवडिलांच्या डोळ्यांत पाणी येते. उरलेले चाळीस टक्के, आरोग्य विमा, उन्हाळ्यातले राहणे, वर्षातून एकदा घरी येण्याचे तिकीट आणि रुपयाची घसरण मिळून चार वर्षांत किती होतात, ते कुणीच त्यांना कागदावर मांडून दाखवत नाही. तो कागद तुम्ही करा. विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलाला परवानगीशिवाय विद्यापीठाबाहेर नोकरी करता येत नाही आणि जाहिरातींतून मिळणाऱ्या पैशांच्या बाबतीतही त्याचे हात बांधलेले असतात, हेही त्यात लिहा. शिष्यवृत्तीच्या रकमेवर टक्केवारीने शुल्क घेणारा एजंट मधे असेल तर मुलाची पात्रताच धोक्यात येते, म्हणून ही चौकशी पहिल्याच फोनवर करा. शाळा संपल्यावर वर्ष-दोन वर्षे स्पर्धा खेळण्यासाठी थांबलेल्या मुलांबाबत टेनिसचे नियम विशेष कडक राहिले आहेत. गुणपत्रिका आणि तारखा हाती येईपर्यंत कोणताही शब्द देऊ नका. व्हिसाचे वेळापत्रकही आता गृहीत धरता येत नाही. २०२५ च्या मे-जूनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणे काही आठवडे थांबले होते आणि ज्यांनी कागदपत्रे लवकर पाठवली होती, त्यांना ऑगस्टमध्ये वेळेवर वर्गात बसणे सोपे गेले. माझ्याकडे तेव्हापासून परदेशी खेळाडूची कागदपत्रे मार्चअखेर पूर्ण झालीच पाहिजेत, असा दंडक आहे.

अधिकृत भेटीत काय पाहावे, याचे माझे उत्तर एका प्रसंगातून आलेले आहे. काही वर्षांपूर्वी एक फार गुणी खेळाडू आमच्याकडे दोन दिवस राहून गेला. मी त्याच्या फोरहँडवर इतका खूश होतो की, कर्णधाराने रात्री जे सांगितले ते मी ऐकूनही ऐकले नाही. कर्णधार म्हणाला होता, “सर, त्याने दोन दिवसांत तीनदा विचारले की मला कोणत्या नंबरवर खेळवणार. आमच्यापैकी एकाचेही नाव त्याने विचारले नाही.” मी त्याला घेतले. ऑक्टोबरमध्ये तो तिसऱ्या क्रमांकावर घसरला आणि डिसेंबरच्या सुट्टीनंतर परतलाच नाही. आता भेट संपली की संघातली मुले बंद खोलीत, माझ्याशिवाय, मत देतात. त्यांच्या नकारावर मी त्यानंतर एकदाही मात केलेली नाही.

त्या भेटीत तुमच्या तीन विजयांची गोष्ट लपवू नका. पालकांना निकालपत्रक दाखवा, कुठे चार-तीनने हरलो ते दाखवा आणि मुलाला सांगा की, या वर्षी तू पाचव्या कोर्टावर खेळशील, तिथे आम्ही गेल्या वर्षी बहुतेक सामने गमावले, आणि ते कोर्ट फिरवण्यासाठी आम्हाला तू हवा आहेस. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला आपली नेमकी गरज कुठे आहे हे ऐकायला फार आवडते. मोठा संघ त्याला दहावा खेळाडू म्हणून घेणार असतो. तुम्ही त्याला सप्टेंबरपासून कोर्टावर उभे करणार असता. हेच तुमचे बळ आहे, आणि ते खरे असल्यामुळे नंतर मागे घ्यावे लागत नाही.

क्रीडा संचालकांकडे जाताना तीन वर्षांचा आलेख विजयांच्या भाषेत देऊ नका, गुणांच्या भाषेत द्या. गेल्या मोसमात बावीस लढतींत एकूण किती गुण मिळाले ते मोजा, दुहेरीचा गुण किती वेळा मिळाला ते वेगळे मोजा, आणि पहिल्या वर्षी दुहेरीचा गुण निम्म्या लढतींत मिळवण्याचे उद्दिष्ट लिहून द्या. विजय दुसऱ्या वर्षी दिसू लागतील, पण गुण पहिल्याच वसंतात वाढलेले दिसतात, आणि मुदत वाढवून मागताना तो कागद उपयोगी पडतो. मागच्या मोसमाची गुणपत्रके संघाच्या कचेरीत असतील. ती काढून पहिल्या रात्री चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या कोर्टांचे निकाल स्वतः हाताने उतरवून काढा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तीन कोर्टांवर खेळलेल्या मुलांना भेटायला बोलवा.